अमेरिकेच्या वैवाहिक व्हिसाची मुलाखत: नात्याचे पुरावे कसे जमवावेत आणि कसे लावावेत

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत खिडकीसमोर उभे राहिल्यावर अधिकारी आधी उजवा हात वर करून शपथ घ्यायला सांगतो आणि त्यानंतरची प्रश्नोत्तरे बहुधा काही मिनिटांतच आटोपतात. एवढ्या थोड्या वेळात कोणीही आपल्या संसाराची कहाणी नीट सांगू शकत नाही. ती आधीच कागदांवर मांडलेली असावी लागते, आणि ते कागद एकमेकांशी जुळणारे असावे लागतात. व्हिसा अडकलेली जी जोडपी मी जवळून पाहिली, त्यांपैकी एकाचेही लग्न खोटे नव्हते. कोणाच्या फाइलमध्ये तारखांचा मेळ नव्हता, कोणाचे नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेले होते, तर कोणाकडे लग्नाचे चारशे फोटो असूनही लग्नानंतरच्या वर्षभराचा एकही कागद नव्हता. म्हणून हा लेख प्रामुख्याने फाइलविषयी आहे.

येथे गृहीत धरलेली परिस्थिती अशी आहे की जोडप्यातील एक जण अमेरिकेचा नागरिक असून तिकडे राहतो, दुसरा भारतात आहे, आणि नागरिक जोडीदाराने आय-१३० हा जोडीदाराला तिकडे बोलावून घेण्यासाठीचा अर्ज, म्हणजे बोलीभाषेत ‘पिटिशन’, दाखल केला आहे किंवा करणार आहे. जोडीदार नागरिक नसून ग्रीन कार्डधारक असेल तर प्रतीक्षेचे गणित बदलते. पुराव्यांचे बदलत नाही. दोघेही अमेरिकेतच राहत असतील तर मुलाखत तिथल्या स्थानिक कार्यालयात होते, दोघांनाही हजर राहावे लागते, आणि शंका आल्यास दोघांना वेगवेगळे बसवून तेच प्रश्न विचारले जातात. त्यांनाही पुढचा बराचसा मजकूर लागू पडेल.

अधिकाऱ्याला नेमके काय पाहायचे असते

कायद्याचा प्रश्न असा आहे की लग्न करताना या दोघांचा हेतू एकत्र संसार करण्याचा होता का, की केवळ इमिग्रेशनचा लाभ मिळवण्याचा होता. नोंदणी प्रमाणपत्रामुळे लग्न कायदेशीर असल्याचे सिद्ध होते, पण हेतू सिद्ध होत नाही, आणि हेतू दिसतो तो लग्नाच्या आधीच्या व नंतरच्या वागण्यातून. अमेरिकेने १९८६ साली खोट्या लग्नांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. जाणूनबुजून असे लग्न करणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि २,५०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय ज्याच्या बाबतीत असा निष्कर्ष निघतो त्याच्यासाठी पुढची कोणतीही पिटिशन मंजूर होण्याचा मार्ग कायमचा बंद होतो. परिणाम इतके गंभीर असल्यामुळे अधिकारी बारकाईने पाहतो, आणि त्याने तसे पाहणे योग्यच आहे.

पुराव्यांचे प्रकारही नियमांत नमूद आहेत: दोघांच्या नावावरची मालमत्ता, दोघांच्या नावाचा भाडेकरार, आर्थिक व्यवहार एकत्र असल्याची कागदपत्रे, मुलांचे जन्मदाखले, नाते जवळून माहीत असलेल्या व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे, आणि यांखेरीज नाते दाखवणारे इतर काहीही. लग्नानंतर तीन आठवड्यांत नवरा ह्यूस्टनला परत गेला आणि बायको साताऱ्यात सासरी किंवा माहेरी राहिली, तर या यादीतल्या पहिल्या चार गोष्टी बहुधा नसतातच. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, कारण मुंबईतल्या अधिकाऱ्यांसमोर अशी जोडपी रोजच उभी राहतात. मात्र मग ‘इतर काहीही’ या शेवटच्या खणात जे येते, ते फार काळजीपूर्वक भरावे लागते.

कागदांच्या आधी तारखा

पहिले काम म्हणजे कोरा कागद घेऊन, दोघांनी व्हिडिओ कॉलवर एकत्र बसून, नात्याच्या तारखांचा तक्ता करणे. स्थळ कोणी सुचवले, पहिले बोलणे केव्हा झाले, बघण्याचा कार्यक्रम कोठे झाला, दोघे प्रत्यक्ष पहिल्यांदा कधी भेटले, होकार, साखरपुडा, नोंदणी, लग्न, लग्नानंतर दोघे कोठे किती दिवस राहिले, आणि त्यानंतरची प्रत्येक भेट. प्रत्येक नोंदीपुढे ती सिद्ध करणारा कागद लिहावा. जिथे कागद नाही ती जागा रिकामी ठेवावी. पुढे काय शोधायचे आहे ते याच रिकाम्या जागा सांगतात.

आमच्या भाचीच्या वेळी हा तक्ता करताना लक्षात आले की तिने साखरपुडा नोव्हेंबरमध्ये झाला असे लिहिले होते आणि जावयाने डिसेंबरमध्ये. दोघांचेही खरे होते: नोव्हेंबरमध्ये घरच्या घरी सुपारी फुटली होती आणि डिसेंबरमध्ये तो आल्यावर अंगठ्या घातल्या होत्या. अशा गोष्टी घरातल्यांना समजतात, पण फॉर्म वाचणाऱ्या परक्या माणसाला त्यात विसंगतीच दिसते. त्यामुळे दोन्ही प्रसंग वेगवेगळ्या नावांनी, आपापल्या तारखांसह लिहावेत.

सर्वांत जास्त गोंधळ लग्नाच्या तारखेचा होतो. लग्न विधिपूर्वक लागले आणि नंतर महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत नोंदवले, तर प्रमाणपत्रावर विवाहाची तारीख वेगळी आणि नोंदणीची वेगळी असते. फॉर्ममध्ये विवाहाची तारीख द्यायची असते. व्हिसाचे काम लवकर सुरू व्हावे म्हणून विशेष विवाह कायद्याखाली आधी लग्न केले आणि चार महिन्यांनी मंगल कार्यालयात मुहूर्तावर समारंभ केला, तर मात्र कायद्याने विवाह झाला तो विवाह अधिकाऱ्यासमोरच्या दिवशी. अशा वेळी लग्नपत्रिकेवरची तारीख प्रमाणपत्रापेक्षा नंतरची दिसते आणि नातेवाईकही त्याच दिवसाला ‘लग्न’ म्हणतात. हे लपवण्यासारखे मुळीच नाही. दोन्ही समारंभ का आणि कसे झाले ते निवेदनपत्रात, म्हणजे फाइलच्या वर दोघांच्या सहीने जोडायच्या पत्रात, दोन वाक्यांत स्पष्ट लिहावे.

दुसरी तितकीच नाजूक बाब नावाची आहे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते आणि लग्नानंतर बायकोचे मधले नाव व आडनाव दोन्ही बदलतात. काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवे पहिले नावही लिहिले जाते आणि मग सासरचे लोक त्याच नावाने हाक मारतात, पत्रिकेत आणि आहेराच्या वहीतही तेच येते. अमेरिकी अर्जात ‘याआधी वापरलेली इतर नावे’ असा रकाना असतो. त्यात माहेरचे पूर्ण नाव, सासरचे नाव, पासपोर्टवर वेगळे असलेले स्पेलिंग, हे सगळे यायला हवे. शक्य असेल तर पासपोर्ट, आधार आणि विवाह प्रमाणपत्र यांवरची नावे अर्जाआधीच एकसारखी करून घ्यावीत. ते जमले नाही तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे.

तक्ता झाला की तो प्रत्येक जुन्या फॉर्मशी ताडून पाहावा. आय-१३० मध्ये दोघे शेवटचे एकत्र कोठे राहिलात हे विचारलेले असते, आणि लग्नानंतर वीस दिवस सासरच्या घरी राहूनही ‘कधीच एकत्र राहिलो नाही’ असे लिहिणारी जोडपी मी पाहिली आहेत. डीएस-२६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरची खाती विचारली जातात, त्यामुळे फेसबुकवर अजून ‘सिंगल’ लिहिलेले असेल तर ते अधिकाऱ्याच्या नजरेला पडू शकते. पूर्वी पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज केला असेल तर त्यातली वैवाहिक स्थितीची माहितीही वकिलातीकडे असते. चूक सापडली तर ती आपणहून दुरुस्त करून सांगावी. अधिकाऱ्याने दाखवून दिल्यावर खुलासा करणे आणि आधीच सांगून टाकणे यांत फार मोठा फरक पडतो.

लग्नाआधीचे आणि लग्नाचे पुरावे

ठरवून झालेल्या लग्नात ‘ओळख कशी झाली’ याचे उत्तर बहुधा कागदावर असते, फक्त ते कोणी जपून ठेवत नाही. वधू-वर सूचक मंडळातल्या नोंदणीची पावती, एकमेकांना पाठवलेले बायोडेटा, ते ज्या ईमेलने आले तो ईमेल, मध्यस्थ मामांशी झालेला संवाद, हे सर्व उपयोगाचे आहे. बायोडेटा जोडण्यापूर्वी त्यातली जन्मतारीख, शिक्षण आणि नोकरी फॉर्मशी जुळते का ते जरूर पाहावे, कारण घाईत केलेल्या बायोडेटात पुष्कळदा जुनी नोकरी तशीच राहिलेली असते.

लग्नाच्या बाबतीत कार्यालयाची पावती, केटररचे बिल, छायाचित्रकाराचे बिल, लग्नपत्रिका, दागिन्यांची आणि बस्त्याची बिले यांना मी फोटोंइतकेच महत्त्व देते, कारण त्यांवर तारीख, रक्कम आणि नाव असते. दोन कुटुंबांनी मिळून केलेला खर्च हा हेतूचा फार बोलका पुरावा आहे.

फोटो तीस-चाळीस पुरेत. त्यांत फक्त वधू-वरांचे सजवलेले फोटो नकोत, तर दोन्हीकडची माणसे एकत्र दिसतील असे हवेत: केळवणाच्या पंगतीत बसलेले दोघे, हळदीला दोन्ही आया, सप्तपदी, गृहप्रवेश, नंतर देवदर्शनाला गेलेले कुटुंब, पहिल्या दिवाळसणाला आलेला जावई. प्रत्येक फोटोखाली तारीख, ठिकाण आणि माणसांची नावे नात्यासह लिहावीत. ‘लग्न, पुणे’ एवढ्याने काही कळत नाही; ‘२८ डिसेंबर, पुणे, डावीकडून वधूचे वडील, वधू, वर, वराची मोठी बहीण’ असे लिहिले की तोच फोटो पुरावा होतो. एकाच दिवशी कपडे बदलून वेगवेगळ्या प्रसंगांचे म्हणून काढलेले फोटो कधीही लावू नयेत. एकाबद्दल शंका आली की बाकीच्या खऱ्या फोटोंवरचाही विश्वास उडतो.

लग्नानंतरचा काळ, जिथे बहुतेक फाइली पातळ असतात

पिटिशन दाखल करताना जोडलेले पुरावे त्या तारखेपर्यंतचे असतात. मुलाखत त्यानंतर पुष्कळदा वर्षभराने किंवा त्याहूनही उशिरा येते, आणि अधिकाऱ्याला नेमका हा मधला काळ पाहायचा असतो. म्हणून पिटिशनसोबत शक्य तेवढे पुरावे सुरुवातीलाच द्यावेत आणि त्या दिवसापासून नवी फाइल सुरू करून दर महिन्याला तिच्यात भर घालावी.

भेटींचा पुरावा सर्वांत भक्कम असतो. भारतात येण्या-जाण्याचे पासपोर्टवरचे शिक्के, तिकिटे, बोर्डिंग पास आणि हॉटेलची दोघांच्या नावाची पावती एकत्र लावावी. अमेरिकेत परतताना नागरिकांच्या पासपोर्टवर बहुधा शिक्का पडत नाही, त्यामुळे बोर्डिंग पास फेकू नये. दोघे कोठे तिसऱ्या ठिकाणी भेटला असाल, तर दोघांच्याही प्रवासाचे कागद शेजारी-शेजारी ठेवावेत.

संवादाच्या बाबतीत हजार पानांची व्हॉट्सअॅप छपाई कोणीही वाचत नाही. दर महिन्याची एक-दोन पाने निवडावीत, वर नाव किंवा नंबर आणि तारीख दिसेल अशी, आणि सोबत कॉलच्या नोंदी. निवडताना केवळ गोड बोलणेच घेऊ नये. ‘आईंची शुगर आज किती आली’, ‘गॅसचा नंबर लावला का’, ‘तुझ्या भावाच्या फीचे पैसे पाठवले’ अशा साध्या संदेशांतून संसार जास्त खरा दिसतो. संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर ती आजच बंद करावी, आणि फोन बदलण्याआधी बॅकअप घ्यावा. दोन वर्षांचा संवाद नव्या फोनबरोबर नाहीसा झाल्याची हळहळ मी एकाहून अधिक घरांत ऐकली आहे.

पैशांच्या व्यवहारात परदेशातून नियमित पाठवलेल्या रकमांच्या बँकनोंदी, विम्यात किंवा नोकरीच्या निवृत्ती खात्यात जोडीदाराचे नाव वारस म्हणून घातल्याची प्रत, आरोग्य विमा, भारतातले संयुक्त खाते, यांपैकी जे खरोखर असेल ते द्यावे. मुलाखतीच्या आठवड्यात उघडलेल्या आणि एकही व्यवहार नसलेल्या खात्याला फारसे वजन नसते.

येथे एका गोष्टीवर मला विशेष भर द्यावासा वाटतो, कारण ती जवळजवळ कोणाच्याच ध्यानात येत नाही. अमेरिकेतल्या आयकरासाठी वर्षाच्या शेवटच्या दिवशी असलेली वैवाहिक स्थिती त्या संपूर्ण वर्षाला लागू होते. आपली मुले डिसेंबरच्या सुट्टीत येऊन लग्न करतात, जानेवारीत परततात आणि एप्रिलमध्ये सवयीने ‘अविवाहित’ म्हणून विवरणपत्र भरतात. पुढे आय-८६४ या आर्थिक हमीपत्रासोबत तेच विवरणपत्र वकिलातीत पोहोचते आणि नवऱ्याने स्वतःच सरकारला आपण अविवाहित असल्याचे सांगितले आहे असे दिसते. विवाहित पण स्वतंत्र विवरण, किंवा अनिवासी जोडीदाराला करापुरते निवासी मानण्याचा पर्याय निवडून संयुक्त विवरण, यांपैकी काय योग्य ते करसल्लागाराला विचारून भरावे, आणि चूक झाली असेल तर सुधारित विवरण दाखल करून त्याची प्रत फाइलमध्ये ठेवावी.

प्रतिज्ञापत्रे

‘मी या दोघांना ओळखतो, त्यांचे लग्न खरे आहे’ अशा ओळीच्या दहा प्रतिज्ञापत्रांपेक्षा दोन नीट लिहिलेली बरी. लिहिणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थान, जोडप्याशी नाते, आणि जे तो सांगतो ते त्याला कसे माहीत झाले, हे सर्व त्यात असावे. मध्यस्थी केलेल्या मामांनी असे लिहावे: ‘मुलाची आई माझ्या पत्नीची मैत्रीण आहे. मुलाकडची मंडळी माझ्या घरी आली तेव्हा मी उपस्थित होतो. मुलगा अमेरिकेत असल्याने त्या दिवशी तो व्हिडिओ कॉलवर बोलला आणि नंतर दोघांना स्वतंत्र बोलता यावे म्हणून आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो.’ हे दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही, आणि म्हणूनच त्याला किंमत आहे. मसुदा एकाने करून सर्वांच्या सह्या घेतल्या की शब्द सारखे येतात आणि ते लगेच ओळखू येते.

जिथे शंका येऊ शकते

वयातले मोठे अंतर, भिन्न धर्म किंवा भाषा, घरच्यांच्या अनुपस्थितीत झालेले लग्न, पहिल्या भेटीनंतर काही दिवसांतच झालेले लग्न, आधीच्या घटस्फोटानंतर लगेच झालेले लग्न, पूर्वी नाकारलेला व्हिसा: यांपैकी काही आपल्या बाबतीत असेल तर त्याविषयी गप्प बसू नये. एक-दीड पानाचे निवेदनपत्र दोघांच्या सहीने जोडावे आणि त्यात तो मुद्दा सरळ मांडावा. घरच्यांचा विरोध असल्याने फक्त मित्र हजर होते, तर तसेच लिहावे आणि त्या मित्रांची प्रतिज्ञापत्रे द्यावीत. घटस्फोट झाला असेल तर प्रत्येक आधीच्या विवाहाच्या समाप्तीचा न्यायालयीन हुकूमनामा हवा, आणि तो का झाला हे नव्या जोडीदारालाही ठाऊक हवे, कारण मुलाखतीत हा प्रश्न येऊ शकतो. पूर्वी इमिग्रेशन कायद्याचे उल्लंघन किंवा फसवणुकीचा ठपका असेल तर मात्र स्वतःच्या हिमतीवर पुढे न जाता अमेरिकी इमिग्रेशन वकील गाठावा.

भाषांतर आणि मांडणी

मराठी मजकुराचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर द्यावे लागते आणि त्याखाली भाषांतरकाराने आपण दोन्ही भाषा जाणतो व भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे असे लिहून नाव, पत्ता, तारीख व सही करायची असते. जोडप्याने ते स्वतः करू नये. रोमन लिपीत लिहिलेले मराठी संदेशही मराठीच असतात, त्यांचेही भाषांतर लागते. पाने मोजकी निवडण्याचे हेही एक कारण आहे.

फाइल कालक्रमाने लावावी: वर निवेदनपत्र, मग तारखांचा तक्ता, मग विभाग, प्रत्येक विभागाला बाहेर दिसणारी पट्टी, प्रत्येक पानाला क्रमांक. अधिकाऱ्याने ‘लग्नानंतर तो केव्हा आला होता’ असे विचारले आणि ते बोर्डिंग पास दहा सेकंदांत काढून देता आले, म्हणजे मांडणी जमली. विवाह प्रमाणपत्र, जन्मदाखला, पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र यांच्या मूळ प्रती वेगळ्या ठेवाव्यात.

मुलाखतीचा दिवस

वकिलातीत मोबाइल नेता येत नाही. ‘फोनमध्ये दाखवतो’ हा मार्ग तेथे बंद आहे, त्यामुळे जे दाखवायचे ते छापूनच न्यावे लागते. फोन बाहेर थांबलेल्या नातेवाइकाकडे द्यावा. अमेरिकेतल्या जोडीदाराने हजर असण्याची सक्ती नसते. इंग्रजीत अडखळत असाल तर मराठीत उत्तरे द्यायची आहेत असे सुरुवातीलाच सांगावे; त्याने काहीही बिघडत नाही, उलट उत्तरे स्वाभाविक येतात.

प्रश्न साधे असतात: स्थळ कोणी आणले, पहिल्यांदा कोठे भेटलात, लग्नाला साधारण किती माणसे होती, नवरा कोणत्या कंपनीत काय काम करतो, कोणासोबत राहतो, त्याचे आधी लग्न झाले होते का, तो शेवटचा कधी आला. उत्तरे पाठ करू नयेत. आदल्या आठवड्यात तारखांचा तक्ता दोनदा वाचला, आणि जोडीदाराच्या नोकरीत, पत्त्यात किंवा घरातल्या माणसांत नुकताच काही बदल झाला असेल तो विचारून घेतला, तर पुरे. आठवत नसेल तर ‘नक्की आठवत नाही’ म्हणावे. अंदाजाने सांगितलेली चुकीची तारीख शपथेवर नोंदली जाते. विचारल्याशिवाय कागद खिडकीतून सरकवू नयेत, पण एखाद्या उत्तराला आधार देणारा कागद आपल्याजवळ असेल तर ‘दाखवू का’ असे जरूर विचारावे.

कधी कधी अधिकारी २२१(जी) असे छापलेला कागद देतो. तो अंतिम नकार नसतो. कोणते कागद आणखी हवेत किंवा कोणती तपासणी बाकी आहे ते त्यावर खूण केलेले असते. त्यावर लिहिलेल्या पद्धतीनेच आणि मागितले तेवढेच, पण संपूर्ण, पाठवावे. लग्नाच्या खरेपणाविषयीच शंका असेल तर पिटिशन अमेरिकेतल्या इमिग्रेशन खात्याकडे परत जाऊ शकते आणि मंजुरी रद्द करण्याच्या इराद्याची नोटीस येऊ शकते. तिला दिलेल्या मुदतीतच उत्तर द्यावे लागते, आणि त्या उत्तराला वकिलाची मदत घ्यावीच.

व्हिसा मिळाला तरी फाइल माळ्यावर टाकू नये. अमेरिकेत प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षे पूर्ण झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचे मिळते, आणि त्याची मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत ते पुढे कायम राहावे म्हणून दोघांनी मिळून आय-७५१ हा अर्ज करायचा असतो. त्यात पुन्हा नात्याचेच पुरावे लागतात, फक्त या वेळी ते एकत्र राहिल्याचे: दोघांच्या नावाचा भाडेकरार, विजेचे बिल, संयुक्त खाते, संयुक्त करविवरण. म्हणून पहिल्या घराचा भाडेकरार करतानाच दुसरे नाव घालून घ्यावे, आणि मुंबईहून निघताना ही फाइल सामानात न टाकता हातातल्या बॅगेत ठेवावी.